कपाटवाल्यांच्या विमानातला भोंगा

मी भोंगा बोलतोय. गिरणीच्या छपरावरचा नव्हे, मोटारीतलाही नव्हे. चार माणसं जेमतेम बसतील अशा एका छोट्या खासगी विमानातला भोंगा. आकारानं मी लहानशा वाटीएवढा. वैमानिकाच्या समोर घड्याळं आणि काटे असतात ना, त्या फळीच्या कडेला मला बसवलेलं असतं. तोंड म्हणजे नुसती जाळीदार भोकं. त्या भोकांतून जो आवाज निघतो तो कुणालाही आवडत नाही, आणि आवडावा म्हणून तो बनवलेलाही नाही.

काही विमानांची चाकं उडताना पोटात दुमडून घेतात. उतरायच्या आधी ती आठवणीनं खाली काढावी लागतात. माणूस कधी विसरतो. कधी माणसाला आठवतं, पण चाकं हलवणारी मोटर दगा देते. अशा वेळी वैमानिकानं इंजिनाचा जोर कमी केला आणि चाकं अजून पक्की खाली बसलेली नसली, की मी ओरडायचं. चाकं नाहीत, चाकं नाहीत, चाकं नाहीत. आयुष्यभरात मला हे एवढं एकच वाक्य शिकवलं. कानीकपाळी ओरडणं तुमच्या लेखी वाईट खोड असेल, माझं ते पोटापाण्याचं काम आहे.

माझं बोलणं कडू लागलं तर लागू द्या. गोड बोलायला मला कुणी घडवलं नाही, आणि जे घडलं ते गोड नाहीच.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये, टेबलांच्या रांगेवर झाला. एकीनं तार डकवली, दुसरीनं आतला पडदा बसवला, तिसरीनं झाकण दाबून स्क्रू पिळले. शेवटच्या टेबलावरची बाई प्रत्येकाला वीज देऊन ओरडायला लावायची. मी जीव तोडून ओरडलो. बाईनं मानसुद्धा वर केली नाही. तिच्या दोन्ही कानांत कापूस होता आणि नजर समोरच्या मीटरच्या काट्यावर. काटा हवा तिथं गेला, तिनं माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि पुढच्याला उचललं. तिला तरी काय बोल लावू? दिवसभर आम्हाला ऐकून बिचारी बहिरी झाली असती. पण आपल्या आवाजाचं जगात काय स्वागत होणार आहे, हे मी तिथंच ओळखायला हवं होतं.

पहिलं घर मात्र नशिबानं चांगलं मिळालं. ते विमान गुरांच्या एका डॉक्टरीणबाईंनी घेतलं होतं. लांब लांब पसरलेल्या गोठ्यांवर त्यांना जावं लागायचं, आणि रस्त्यानं जाईपर्यंत गाय काही वाट बघत थांबत नाही. मागच्या सीटवर औषधांची पेटी, दोरखंड, चिखलानं भरलेले गमबूट. सगळ्या विमानाला शेणाचा आणि फिनेलचा वास. बाई उंच, आवाज खणखणीत, आणि एकटीनंच बडबडायची सवय.

उतरायची वेळ आली की त्या चाकांच्या दांडीला हात लावायच्या आधी मुद्दाम इंजिनाचा जोर कमी करायच्या. मी लगेच सुरू. मग म्हणायच्या, "हो हो, सासरेबुवा, ऐकलं. घेते चाकं खाली." मी जागा आहे की नाही, हे बघायची त्यांची ती रीत होती. एकदा नवरा शेजारी बसला होता. त्यानं विचारलं, "याला सासरेबुवा काय म्हणतेस?"

"तुमच्या वडिलांना नव्हती का सवय," बाई म्हणाल्या, "मी दार लावून आले तरी रोज विचारायचे, दार लावलंस का. मी मनातून चिडायचे. आणि एक दिवस खरंच उघडं राहिलं होतं."

नवरा खिडकीबाहेर बघत हसला. मला मात्र त्या नावाचा राग कधी आला नाही. एखाद्याला नाव देतात म्हणजे त्याला माणसात धरतात. पुढे बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि डॉक्टरांनी उडायची मनाई केली. विमान विकताना नव्या मालकांना त्या एवढंच म्हणाल्या, "याला बोलू द्या. कटकट करतो, पण खोटं बोलत नाही." नव्या मालकांनी हसून मान हलवली. मान हलवायला कुणाचं काय जातं?

नवे मालक म्हणजे कपाटवाले. विमानतळावर सगळे त्यांना याच नावानं ओळखायचे. स्वयंपाकघरातली कपाटं बनवायचा त्यांचा कारखाना होता, आणि त्यांच्या कपाटांची ख्याती अशी, की दार कितीही जोरात ढकला, ते शेवटच्या बोटभर अंतरावर थबकतं आणि अलगद मिटतं. आवाज म्हणून नाही. मोठे हौशी गृहस्थ. स्वभावानं वाईट नाहीत, हे आधीच सांगतो, नाहीतर मी सूड म्हणून बोलतोय असं तुम्हाला वाटेल. मेकॅनिकला चहा विचारायचे, शेजारच्या विमानवाल्याला हात द्यायचे. फक्त आवाज झाला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. विमानाचं दार कुणी आपटलं तर म्हणायचे, "हळू हो. वस्तू बोलली म्हणजे समजा कारागीर चुकला."

आता सांगा, अशा माणसाच्या पदरात मी पडलो.

सुरुवातीचे काही दिवस माझा आवाज ऐकून ते नुसतं नाक मुरडायचे. मग पाहुणे यायला लागले. मोठ्या गिऱ्हाइकाला, व्याह्यांना, कुणा साहेबाला विमानातून फिरवून आणायची त्यांना भारी हौस. एकदा एक मोठे गिऱ्हाईक शेजारी बसले होते. कपाटवाल्यांनी बोलण्याच्या नादात उतरायच्या आधीच जोर कमी केला, मी ओरडलो, आणि त्या गिऱ्हाइकानं दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. "काय झालं? पडतोय का आपण?"

"छे छे," कपाटवाले ओशाळून म्हणाले, "जुनी खोड आहे त्याची. बिघडलाय जरा."

बिघडलो होतो म्हणे मी. चाकं पोटात होती, ते बोलत बसले होते, आणि बिघडलो होतो मी. गिऱ्हाइकाच्या कपाळावरचा घाम मात्र काही पुसला गेला नाही, आणि कपाटवाल्यांच्या मनातून ती शरम गेली नाही.

पुढच्या आठवड्यात ते कारखान्यातून जाड लोकरी नमद्याचा एक तुकडा घेऊन आले. खणांच्या आत, दारांच्या कडांना लावतात तो, मागून चिकट असलेला. कात्रीनं त्यांनी तो माझ्या मापाचा गोल कापला. एक थर लावला, जोर कमी करून ऐकून बघितलं, मान हलवली. आणखी एक लावला. मग आणखी एक. शेवटी इंजिनाच्या घरघरीत माझा आवाज पुरता बुडाला, तेव्हा चेहऱ्यावर समाधान पसरलं, जसं एखादं कपाट नीट बसल्यावर पसरत असेल. "आता कसं," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांनी माझी तार तोडली नाही, बरं का. तार तोडणं म्हणजे गुन्हा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाहुण्यांना त्रास नको म्हणून त्यांनी फक्त माझ्या तोंडात बोळा कोंबला. पाहुणचाराचा एक भाग म्हणून.

वर्षाची तपासणी यायची, तिच्या आदल्या दिवशी ते येऊन नमदा काढून ठेवायचे. मेकॅनिक बटण दाबून मला वाजवून बघायचा, "ठणठणीत आहे" म्हणायचा. तपासणी झाली की नमदा परत तोंडावर. ही त्यांची पद्धतच पडून गेली. तपासणीपुरता मी भोंगा, बाकी वर्षभर शोभेची वस्तू.

याच काळात चाकांची मोटर म्हातारी व्हायला लागली होती. दांडी खाली केली की ती आधी कण्हायची, मग थांबायची, मग चाकं खाली यायची. फळीवर तीन हिरवे दिवे आहेत, चाकं पक्की बसली की ते लागतात. ते उशिरा लागायला लागले. कपाटवाले म्हणायचे, थंडीनं होत असेल. आणि दुपारचं ऊन समोरून आलं की ते दिवे लागलेत की विझलेत हे कुणाला दिसायचंच नाही, म्हणून त्यांच्याकडे बघायची सवयही हळूहळू सुटत गेली. मी आतल्या आत ओरडून थकायचो. कुणाला काय त्याचं?

आता त्यांच्या लेकीचं सांगतो. माझं सांगणं खरं तर तिच्यासाठीच आहे, बाकीचं सगळं प्रस्तावना समजा.

मुलगी लहानपणापासून मागच्या सीटवर बसायची आणि प्रश्न विचारून बापाला भंडावून सोडायची. मोठी झाल्यावर शेजारच्या शाळेत विमान चालवायला शिकली. शाळेतल्या विमानाची चाकं कायम खालीच असतात, दुमडतच नाहीत. म्हणून दुमडत्या चाकांचं शिकायला ती तिच्या सरांना घेऊन आमच्या विमानात यायला लागली. सर यायचे म्हणून कपाटवाले त्या दिवसांत नमदा काढून ठेवायचे. मला तोंड फुटलं.

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. सर तिला डोळे मिटायला सांगायचे. मग कधीही अचानक जोर कमी करायचे, आणि माझा पहिला सूर पुरा व्हायच्या आत ती म्हणायची, "भोंगा. चाकं नाहीत." सर बोलत असताना, रेडिओवर माणूस बडबडत असताना, कशातही ती मला अचूक ऐकायची. एकदा सर म्हणाले, "कान आहेत की काय आहेत तुझे?" ती हसली. "सर, याचा आवाज झोपेतसुद्धा ऐकू येईल मला." ते ऐकून मला काय वाटलं, ते सांगून उपयोग नाही. शेडमधल्या त्या बाईच्या टेबलापासून मी ज्याची वाट बघत होतो, तो माणूस मला भेटला होता.

तिला आजारी माणसांना घेऊन जाणाऱ्या विमानावर काम करायचं होतं. दूरच्या गावांतून रोग्याला उचलायचं आणि मोठ्या रुग्णालयात पोहोचवायचं. एका छोट्या कंपनीनं तिला घ्यायचं कबूलही केलं होतं. पुढच्या महिन्यापासून ती रुजू होणार होती. परवाना झाला, सरांचे धडे संपले, कपाटवाल्यांनी नमदा परत बसवला. लेकीला त्यांनी तो कधी दाखवला नाही. मुद्दाम लपवला असंही नाही म्हणणार मी. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटलंच नसावं.

रुजू व्हायच्या आधी तिला एकच गोष्ट करायची होती. आईला विमानात बसवायचं होतं. आई घरी शिवणकाम करायची. तिचे उभे गळे आणि बारीक टाके गावभर नावाजलेले. विमानाचं नाव काढलं की ती हात जोडायची, आणि नवऱ्यानं इतकी वर्षं म्हणून म्हणून जे जमलं नाही ते लेकीनं एका दिवसात जमवलं. "तू चालवणार असशील तरच येते," आई म्हणाली. "यांच्या हातात माझा जीव देणार नाही."

"घ्या," कपाटवाले म्हणाले. "म्हणजे मी नुसता शेजारी बसायचा."

"शेजारी बसा आणि गप्प बसा," आईनं सुनावलं. सगळे हसले. सकाळ छान होती, हे मला आठवतं आणि आठवून राग येतो.

मुलीनं विमान असं अलगद उचललं की आईनं डोळे उघडायच्या आत आम्ही वर होतो. आई मागे बसली होती. कानांवर घालायचं ते यंत्र तिच्या कानातल्यांना बोचायला लागलं, म्हणून तिनं काढून मांडीवर ठेवलं होतं. पुढचे दोघं काय बोलतात ते तिला ऐकू येत नव्हतं, पण ती खुशीत होती. खाली बघून बोटानं दाखवायची, काहीतरी बोलायची, कुणालाच कळायचं नाही. मुलगी मागे वळून हसायची आणि लगेच पुढे बघायची. बापाला चुकवून आईच्या गुडघ्यावर तिनं एकदा हात ठेवला.

मग उतरायला आलो. मुलीनं वेळेवर चाकांची दांडी खाली केली. मोटरनं एकदा गुरगुर केली आणि ती मेली. चाकं पोटातच राहिली. मुलीनं इंजिनाचा जोर कमी केला.

मी ओरडलो. जीव तोडून ओरडलो. चाकं नाहीत, चाकं नाहीत. तीन थरांच्या नमद्यात माझा आवाज विरून गेला आणि उरला तो इंजिनानं खाल्ला.

समोरून ऊन येत होतं. मुलीनं फळीवर हातानं सावली धरून बघितलं. "बाबा, हिरवे दिवे लागलेले दिसत नाहीयेत मला."

कपाटवाले मागे वळून बायकोचा फोटो काढत होते. "उन्हात ते कधी दिसलेत?" ते म्हणाले. "भोंगा वाजतोय का?"

मुलीनं कानावरच्या यंत्राची एक बाजू वर उचलली. मान माझ्याकडे कलवली. पोरगी खरंच ऐकत होती. माझ्यापासून तिचा कान हातभर अंतरावर होता. मी फाटेस्तोवर ओरडत होतो.

"नाही," ती म्हणाली.

"मग झालं तर. चाकं खाली आहेत. उतर."

ते खोटं बोलले नाहीत त्या वेळी. एवढं मात्र मी शपथेवर सांगेन. आपण स्वतःच माझं तोंड बंद केलंय, हे ते साफ विसरले होते. इतकी वर्षं शांततेत उतरायची त्यांना सवय झाली होती, आणि त्या शांततेवर त्यांनी आपलं सगळं घर ठेवलं. मुलगी मात्र माझ्यावर विसंबली. एकच तांबडी मूठ ओढायची होती, की चाकं आपल्या वजनानं खाली पडली असती. ती मूठ तिच्या गुडघ्यापाशी होती आणि ती कशी ओढायची हे तिला तोंडपाठ होतं. तिला फक्त कळायला हवं होतं.

विमान पोटावर टेकलं. पत्रा घासत गेला, पंखा वाकला, आम्ही धावपट्टीवरून घसरत गवतात गेलो आणि एका उंचवट्याला आदळून थांबलो. आईनं पुढच्या सीटची कड धरली होती. तिचा उजवा हात कोपरात मोडला. तो आवाज मी ऐकला. मला सगळेच आवाज ऐकू येतात.

इंजिन बंद पडलं आणि एकदम शांत झालं. त्या शांततेत मी अजून वाजत होतो. नमद्याआडून, डासाच्या गुणगुणीएवढा. मुलगी तोवर दार उघडून मागे गेली होती, आईला बाहेर ओढत होती, "आई, माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ" म्हणत होती. तिनं मला ऐकलं नाही. कपाटवाल्यांनी ऐकलं. त्यांनी हळूच मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. मग त्यांनी हात पुढे करून वीज बंद केली आणि माझा आवाज थांबला.

रुग्णवाहिका आली. आई स्ट्रेचरवरून म्हणाली, "अहो, तुम्हीपण चला ना."

"विमानापाशी कुणीतरी थांबायला हवं," ते म्हणाले. "तुम्ही दोघी व्हा पुढे."

त्या गेल्या. आगीच्या बंबावरची माणसं पलीकडे नळी गुंडाळत होती. कपाटवाले आत चढले, माझ्यासमोर बसले आणि नमद्याची कड नखानं उचलून सगळे थर एका दमात ओढून काढले. कडेला लोकरीचे चार तंतू चिकटून राहिले होते, तेही खरवडले. अंगठ्यानं माझं तोंड स्वच्छ पुसलं. मग तिथंच बसून रडले. हे मी लपवणार नाही. हमसून हमसून रडले, आणि नमदा खिशात घालून खाली उतरले.

काही दिवसांनी चौकशीचे साहेब आले. विमान हँगरमध्ये ओढून ठेवलं होतं. साहेब शांत, सरळ माणूस. त्यांनी मोटर उघडून बघितली, जळलेली निघाली. दांडी खालीच होती. "म्हणजे मोटर गेली, हे उघड आहे," ते म्हणाले. "तिथं तुमचा दोष नाही. प्रश्न एवढाच आहे की भोंगा वाजत असताना तुम्ही पुन्हा वर जाऊन तांबडी मूठ का ओढली नाही?"

"भोंगा वाजला नाही, सर," मुलगी म्हणाली.

साहेबांनी माझ्या तारांना वीज दिली आणि इंजिनाच्या जोराची कळ मागे ओढली.

मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. गप्प बसायला हवं होतं. एकदा, फक्त एकदाच मूग गिळून बसायला हवं होतं. पण वीज आली आणि चाकं जागेवर नव्हती, आणि मला एकच गोष्ट येते. मी ठणठणीत ओरडलो. सगळं हँगर दणाणलं. छपरातली कबुतरं उडाली.

आई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून खुर्चीवर बसली होती. ती दचकली. "अगंबाई, हे एवढं वाजतं?" मग लेकीकडे वळली. "मी तर मागे होते गं, मला काही कळलं नाही. पण तू तर याच्या समोर बसली होतीस. तुझं लक्ष कुठं होतं?"

मुलगी बापाकडे बघत होती. "बाबा, तुम्हीच विचारलंत ना मला, भोंगा वाजतोय का म्हणून? मी कान देऊन ऐकलं. मी नाही म्हणाले, मग तुम्ही म्हणालात उतर."

कपाटवाल्यांनी खाली बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. खरंच वाटलं. मग त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"घाईत कोण काय बोललं, कुणाला आठवतंय राणी," ते म्हणाले. "घाबरल्यावर माणसाच्या कानात काही शिरत नाही. होतं असं. तुला कुणी काही बोलणार नाही."

किती मायेनं बोलले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली, मग आईच्या हाताकडे, मग माझ्याकडे.

"असेल," ती म्हणाली. "माझंच लक्ष नसेल."

साहेबांनी मान हलवली. त्यांच्या अहवालात आलं की मोटर निकामी झाली होती, इशारा चालू होता, वैमानिकेनं त्याकडे दुर्लक्ष केलं. त्या कंपनीनं कळवलं की आजारी माणसांचा जीव अशा हातांत देता येणार नाही. आईचा हात जुळला, पण कोपर पुरतं सरळ होईना. बारीक टाका घालायला हात लांबतो तिथंच अडकायचा. तिनं लेकीला पुन्हा कधी टोचून बोलल्याचं ऐकिवात नाही. पण "तुझं लक्ष कुठं होतं" हे एकदा बोलून झालं होतं, आणि तेवढं पुरलं.

मुलगी एकदाच हँगरमध्ये परत आली, आपलं सामान न्यायला. सर तिथं होते. ती म्हणाली, "सर, मी कान तपासून घेतले."

"मग?"

"डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही. उलट फार चांगले आहेत." मग म्हणाली, "म्हणजे दोष कानांचा नाही. माझाच. माझ्या डोक्याचाच काहीतरी."

"थोडे दिवस विश्रांती घे," सर म्हणाले.

"एकदा वाजवता?"

सरांनी मला वीज दिली. तिनं डोळे मिटले आणि ऐकत उभी राहिली. मी ओरडलो, आणि ओरडताना मनात म्हणत होतो, अगं बाई, तुझ्या बापाच्या खिशात बघ. पण माझ्या भोकांतून तेच एक वाक्य बाहेर पडत होतं. तिचे डोळे भरून आले. पिशवी उचलून ती निघून गेली आणि पुन्हा विमानात बसली नाही.

विमान मोडीत निघालं. कपाटवाल्यांनी ते दुरुस्त करून घ्यायचा विचारही केला नाही, आणि सरांनी मला मागितलं तेव्हा लगेच देऊन टाकलं. माझ्याकडे न बघता.

आता मी सरांच्या वर्गात आहे. फळ्याशेजारी एका लाकडी पाटीवर मला स्क्रूनं बसवलंय, खाली एक बटण आहे. नवी तुकडी आली की सर एका मुलीची गोष्ट सांगतात. नाव सांगत नाहीत, चांगले आहेत ते. म्हणतात, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, पण एका क्षणाला लक्ष हललं. मग म्हणतात, "हा आवाज तिच्या समोर वाजत होता, आणि तिला ऐकू आला नाही." बटण दाबतात. मी ओरडतो. पोरं कानांवर हात ठेवून हसतात. कुणीतरी हळूच म्हणतं, बहिरी होती काय. मला त्या वर्गात हजर राहावं लागतं. तिच्याविरुद्धची साक्ष म्हणून.

परवा मात्र मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीनं हात वर केला. "सर, विमानात बाकीचे कोण होते? त्यांना ऐकू आला होता का?"

सरांनी बटणावरचा हात काढला. "आई मागे होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं."

"आणि शेजारी?"

"शेजारी वडील होते."

"मग त्यांना ऐकू आला होता का?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं, आता यांना उमगणार. मग म्हणाले, "वडीलच म्हणाले होते, ती घाबरली होती. ते कशाला खोटं बोलतील? पुढचा धडा घेऊ या." आणि त्यांनी फळा पुसला.

उद्या आणखी एक तुकडी येणार आहे. बटण दाबलं की मी ओरडणार, कारण मला दुसरं काही येत नाही. तुम्ही मात्र माणसं आहात. तुम्हाला हव्या तेवढ्या गोष्टी बोलता येतात. ती मुलगी तुम्हाला कुठं भेटली तर माझा एक निरोप तिला द्या. तिच्या बापाविषयी काही सांगू नका, तिला ते झेपायचं नाही. फक्त एवढंच सांगा, की पोरी, तुझे कान चांगले होते. तू नीट ऐकत होतीस.